भांडी घासणाऱ्यांची शिखरे

मराठी कौटुंबिक कथेचा इतिहास सांगायचा झाला की आपण छापखान्यापासून सुरुवात करतो. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ 1857 साली निघाले, हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ 1890 पासून ‘करमणूक’मधून हप्त्याहप्त्याने येऊ लागली, आणि नवरा-बायकोचे प्रेम, सासुरवास, लेकराचे मरण, शेजाऱ्यापाजाऱ्यांचा जिव्हाळा हे सारे हळूहळू मराठी गद्यात आले, असा तो क्रम. पुस्तकांपुरता तो बरोबरच आहे. पण ज्या मुलखात पुस्तक फार उशिरा पोचले, तिथल्या माणसांनी घरच्या सुखदुःखाच्या गोष्टी कुठे ठेवल्या? अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात त्या डोंगरांच्या नावांत ठेवलेल्या सापडतात. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, 1,646 मीटरचे कळसूबाई, अकोले आणि इगतपुरी या तालुक्यांच्या सीमेवर उभे आहे. तालुक्याच्या दक्षिण टोकाला हरिश्चंद्रगड आहे. त्याच्या शिखरांना हरिश्चंद्र, तारामती आणि रोहिदास म्हणतात, म्हणजे नवरा, बायको आणि त्यांचा मुलगा. तिघांत उंच तारामती. आता या दोन्ही माथ्यांच्या कथा शेजारी ठेवून पाहा. कळसू ही परक्या घरी कामाला राहिलेली पोर, तर तारामती ही नवऱ्याच्या देण्यापायी विकली जाऊन दासी झालेली राणी. दोघींच्या वाट्याला दुसऱ्याचे घरकाम आले. या टापूतले हे दोन उंच माथे लोकांनी राजाच्या, सेनापतीच्या किंवा किल्लेदाराच्या नावाने ओळखले नाहीत. मोलकरणीच्या नावाने ओळखले. हे नुसते योगायोगावर सोडून देण्यासारखे नाही. या गोष्टी कल्पित आहेत हे मान्य करूनही त्यांतून या मुलखातल्या घराचा, कर्जाचा आणि चाकरीचा इतिहास वाचता येतो, असे माझे म्हणणे आहे.

कळसूची गोष्ट ब्रिटिश अमदानीतल्या जिल्हा गॅझेटियरने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टिपून ठेवली. कळसू ही रानात भटकायची आवड असलेली कोळ्याची मुलगी. फिरत फिरत ती डोंगराच्या पायथ्याच्या इंदोरे गावात आली आणि एका कोळ्याच्याच घरी कामाला राहिली. राहताना तिने अट घातली, की भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. काही दिवस सगळे सुरळीत चालले. मग एके दिवशी घरातल्या कुणीतरी तिला भांडी घासायला आणि केर काढायला फर्मावले. तिने ते काम केले, लगेच डोंगर चढून गेली आणि मरेपर्यंत वरच राहिली. भांडी घासली ती जागा थाळेमेळ आणि केर काढला ती काळदरा, अशी दोन ठिकाणांची नावेही गॅझेटियर देते. गोष्ट एवढीच. तीत राक्षस नाही, शाप नाही, आकाशवाणी नाही. बारी गावाकडच्या एका सांगण्यात कळसू ही गावची सून आहे. तिला झाडपाल्याच्या औषधांची चांगली माहिती होती, आजाऱ्यांची सेवा ती करी, आणि तिच्या माघारी लोकांनी शिखरावर तिचे देऊळ बांधले. आणखी एका सांगण्यात कळसूबाई, रतनबाई आणि कात्राबाई या तिघी बहिणी आहेत. रतनबाई रतनगडावर, कात्राबाई तिच्या शेजारच्या डोंगरावर. आजही नवरात्रात शिखरावर यात्रा भरते आणि डांगाणातली, म्हणजे या डोंगराळ पट्ट्यातली, माणसे चढून जातात, ती या मुलीच्या दर्शनाला.

गॅझेटियरच्या गोऱ्या संपादकांनी ही कथा डोंगराच्या उंचीच्या आणि चढाच्या माहितीशेजारी एक गंमत म्हणून दिली. तिच्याकडे जरा निरखून पाहिले तर ती नोकरीच्या कराराची कथा आहे. काम कोणते करायचे हे आधी ठरले, ठरलेले मालकाच्या बाजूने मोडले गेले, आणि मुलीने भांडण न करता, सांगितलेले काम न टाकता, चाकरी सोडली. तिच्याकडून काहीच थकलेले नाही, म्हणून तिला परत बोलावण्याचा हक्कही कुणाला उरत नाही. ‘काम केले’ हा तपशील सांगणाऱ्यांनी टिकवून धरला हे मला फार महत्त्वाचे वाटते. तो गाळून ‘मुलगी चिडून निघून गेली’ असे सांगणे सोपे होते. पण मग दोष तिच्या माथी गेला असता. शिवाय कथा काय गृहीत धरते तेही पाहावे. बाहेरून आलेली एकटी मुलगी एका कोळ्याच्या घरात कामाला ठेवली जाते, याचे कथेत कुणालाच नवल वाटत नाही. डोंगरातला आदिवासी समाज म्हणजे सारे सारखे, कुणी मालक नाही आणि कुणी चाकर नाही, असे चित्र शहरातले लोक हौसेने रंगवतात. ही गोष्ट ते चित्र पुसून टाकते. कळसूचा मालक सावकार नव्हता, परजातीचा नव्हता. तिच्याच जातीचा होता. आणि मोलकरीण व सून ही दोन्ही सांगणी एकाच डोंगराभोवती सुखाने नांदतात, याचाही अर्थ उघड आहे: भांडी आणि केर या दोन कामांपुरता तरी दोघींच्या दिवसात ऐकणाऱ्यांना मोठा फरक वाटत नसावा.

हरिश्चंद्राची कथा याहून कितीतरी जुनी, आणि अख्ख्या देशाची. ऐतरेय ब्राह्मणात ती वेगळ्याच रूपात भेटते. तिथे निपुत्रिक हरिश्चंद्र मुलगा झाल्यास वरुणाला बळी देण्याचा नवस करतो, मुलगा रोहित रानात पळतो, आणि त्याच्या जागी अजीगर्त नावाचा गरीब बाप शंभर गायींच्या बदल्यात आपला मधला मुलगा शुनःशेप विकतो. म्हणजे कथेच्या अगदी मुळाशीच गरिबीने केलेली पोटच्या पोराची विक्री आहे. मार्कंडेय पुराणात ही विक्री हरिश्चंद्राच्या स्वतःच्या घरात शिरली. राज्य विश्वामित्राला देऊन टाकल्यावर दक्षिणेचे देणे उरते. मुदत टळत आली म्हणून तो काशीत आधी बायकोला विकतो, मग आईचा पदर न सोडणाऱ्या मुलाला, आणि शेवटी स्वतःला. बायकोला विकत घेणारा म्हातारा ब्राह्मण कारणही सांगतो, की आपली पत्नी नाजूक आहे, तिला घरकाम झेपत नाही. मुलगा साप चावून मरतो, आई प्रेत घेऊन मसणवटीत येते, आणि तिथे राखणदारीला असलेला बाप बायकोला न ओळखता तिच्याकडे प्रेताचे शुल्क मागतो. पुढचे देवांचे प्रकट होणे आणि मुलाचे उठून बसणे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ऐकणारा रडतो तो त्याआधी. गुजरातेत लहानपणी हरिश्चंद्राचे नाटक पाहून मोहनदास गांधी कितीतरी वेळा रडले होते, हे त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे. अकोल्याशेजारच्याच नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळक्यांनी पहिला चित्रपट करायचे ठरवले तेव्हा हीच कथा घेतली. 3 मे 1913 रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला. त्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला, आणि बाई मिळेना म्हणून तारामती झाला अण्णा साळुंके, जो खाणावळीत काम करीत असे. विकत घेतलेल्या दासीची भूमिका खाणावळीतल्या गड्याकडे जावी, हा योग फाळक्यांनी जुळवून आणलेला नव्हता, पण तो चुकीचाही नव्हता. पुढे 1932 साली प्रभातने पहिला मराठी बोलपट काढला तोही याच कथेवरचा, ‘अयोध्येचा राजा’. त्यात दुर्गा खोटे तारामती होत्या.

आज आपण ही कथा सत्यनिष्ठेची म्हणून शिकवतो. पेशवाईतल्या श्रोत्याला ती आणखी एका कारणाने जवळची वाटली असणार. त्या काळी बाईची विक्री ही पुराणातली बाब नव्हती. कुणबिणींच्या, म्हणजे घरकामाला ठेवलेल्या दासींच्या, खरेदी-विक्रीचे व्यवहार पेशवे दप्तराच्या कागदांत नोंदलेले आहेत. सरकारी वाड्यांत कुणबिणी होत्या आणि खाजगी घरांतही होत्या. त्यांची किंमत ठरे, त्या एका घरातून दुसऱ्या घरात जात. कंपनी सरकारने गुलामीची कायदेशीर मान्यता काढून घेतली ती 1843 च्या कायद्याने. म्हणजे त्या सालापर्यंत कीर्तनात ‘तारामतीला विकली’ हे ऐकणाऱ्या बाईला असे व्यवहार आपल्या आसपास होतात हे माहीत असे. कर्जाचे तर विचारायलाच नको. अकोल्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे 1840 च्या दशकात ब्रिटिशांविरुद्ध उठले, तेव्हा त्यांच्या बंडाचा एक मोठा रोख सावकारांवर होता. सावकारांची नाके कापल्याचे उल्लेख त्या काळच्या हकिकतींत येतात. राघोजींना 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले. पुढे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून सावकारांचे दस्तऐवज जाळण्याचे लोण उठले आणि ते अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर, श्रीगोंदे भागांत पोचले. त्यातून 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. देणे फिटेपर्यंत माणूस दुसऱ्याच्या घरी राबतो, ही पद्धत कायद्याने बंद व्हायला 1976 साल उजाडावे लागले. हे कायदे आणि ही बंडे एका बाजूला ठेवली, तर देण्यापायी घर मोडलेल्या राजाची कथा या भागात इतकी का रुजली, हे वेगळे समजावून सांगण्याची गरज उरत नाही. पाठ्यपुस्तकांत गोदावरी आणि भीमा यांची खोरी वेगळी करणाऱ्या डोंगररांगेला हरिश्चंद्र-बालाघाट म्हणतात. अशा रांगेला एका कर्जबाजारी माणसाचे नाव आहे, याकडे भूगोल शिकवणाऱ्यांचे लक्ष क्वचितच जाते.

यावर पहिला आक्षेप जाणकारांचा येईल, आणि तो हलका नाही. गडावर हरिश्चंद्रेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. चांगदेवाने ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ इथेच रचला. शके 1234, म्हणजे इसवी सन 1312, असा काळ आणि मंगळगंगेच्या काठचे हरिश्चंद्र दैवत असे स्थळ त्याने ग्रंथातच सांगितले आहे. म्हणजे चौदाव्या शतकाच्या आरंभी ‘हरिश्चंद्र’ हे इथे देवाचे नाव होते. अयोध्येच्या राजाचा इथे संबंध नव्हता, तो नंतर कुणीतरी चिकटवला, असे म्हणता येईल. मला हे पूर्ण मान्य आहे, आणि माझ्या मुद्द्याला याने बळच मिळते. देवाच्या नावावरून गडाचे नाव पडले असेल. पण शिवाच्या मंदिरावरून तारामती आणि रोहिदास ही नावे येऊ शकत नाहीत. मार्कंडेय पुराणात राणी शैब्या आहे आणि मुलगा रोहिताश्व. तारामती आणि रोहिदास ही कीर्तनातून, आख्यानांतून, लोकांच्या तोंडी रुळलेली नावे. तेव्हा घडले असे असावे: एका माथ्यावर देवाचे नाव होते, लोकांना ते राजाच्या नावासारखे ऐकू आले, आणि त्यांनी शेजारच्या शिखरांवर त्याची बायको आणि मूल आणून बसवले. विद्वानांच्या देवाला त्यांनी संसारी केले. ही नावे अलीकडची आहेत असे कुणी सिद्ध केले, तरी एवढेच ठरेल की लोकांनी ही निवड अलीकडे केली. निवड त्यांचीच राहील. विश्वामित्राला किंवा त्या म्हाताऱ्या खरेदीदाराला शिखर मिळालेले नाही, हेही ध्यानात घ्यावे.

दुसरा आक्षेप असा, की ही पुराणांतली नावे वरून आलेली. डोंगरातल्या महादेव कोळी आणि ठाकर माणसांच्या कल्पनेशी त्यांचा काय संबंध? याला कळसूबाई हेच उत्तर आहे. तिचा कोणत्याही पुराणाशी संबंध नाही. रतनबाई आणि कात्राबाई यांचाही नाही. तरीही त्यांच्या गोष्टी बहिणीबहिणींच्या, सुनेच्या, चाकरीच्याच आहेत. बाहेरून आलेल्या कथांमधूनही इथे स्थिरावल्या त्या अशाच घरातल्या. अकोले गावाजवळ प्रवरेकाठी ज्याचा आश्रम सांगतात तो अगस्ती ऋषीच घ्या. त्याच्या नावावर समुद्र पिण्याचे आणि विंध्याला वाकवण्याचे पराक्रम आहेत. पण ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या 179 व्या सूक्तात त्याची बायको लोपामुद्रा त्याला सरळ बोल लावते, की वर्षानुवर्षे राबून मी थकले, वय उतरले, आता तरी संसाराकडे बघ. घरातल्या बाईच्या थकव्याची इतकी जुनी नोंद आपल्याकडे फार थोडी आहे. अगस्तीच्या यात्रेला जाणाऱ्यांना हे सूक्त माहीत असेलच असे नाही. मला एवढेच म्हणायचे आहे, की या तालुक्याने जवळ केलेला ऋषीही संसारातून सुटलेला नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत टोकदार आहे. या कथा हृदयस्पर्शी असतील, पण त्या शिकवतात काय? तारामती नवऱ्याने विकली तरी तोंडातून शब्द काढत नाही, आणि शेवटी देव येऊन सगळे पहिल्यासारखे करून देतात. कर्जात बुडालेल्या माणसाला अशी कथा ऐकवणे म्हणजे ‘सोस, फळ मिळेल’ असे सांगणे. राघोजी भांगऱ्यांनी जे केले त्याच्या बरोबर उलट. हा आक्षेप मी खोडून काढू इच्छित नाही. हरिश्चंद्राच्या कथेत सहनशीलतेची भलावण आहे आणि तिचा उपयोग बायकांना गप्प बसवण्यासाठी झाला, यात शंका नाही. पण लोकांच्या भांडारात ही एकच कथा नाही. त्याच तालुक्यात, त्याहून उंच माथ्यावर, अट मोडताच निघून गेलेली मुलगी आहे, आणि तिला कुणी हट्टी म्हटले नाही, देवी म्हटले. सोसणारी आणि सोडून जाणारी अशा दोन्ही बायकांना इथे शिखरे मिळाली. दोघींमध्ये उंच कोण, हे कुणी मोजून ठरवले नाही, हे मान्य. डोंगर जसे होते तसे होते. तरीही महाराष्ट्राच्या सर्वोच्च माथ्यावर पतिव्रता राणी न बसता नोकरी सोडणारी पोर बसावी, हे मला आवडते. तो माझा पक्षपात समजावा.

राज्यकर्त्यांनी दिलेल्या नावांशी तुलना केली तर फरक आणखी ठळक होतो. भंडारदऱ्याच्या धरणाचे काम 1910 मध्ये सुरू झाले आणि 1926 मध्ये पुरे झाले. मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्यावरून त्याला विल्सन डॅम म्हणू लागले, आणि जलाशय झाला आर्थर लेक. फलकांवर आणि पर्यटनाच्या पुस्तिकांत ती नावे अजून आहेत. बोलताना लोक भंडारदराच म्हणतात. हरिश्चंद्रगड 1747-48 च्या सुमारास मुघलांकडून मराठ्यांकडे आला आणि 1818 मध्ये इंग्रजांकडे गेला, पण त्या हस्तांतरांतल्या एकाही माणसाचे नाव तिथल्या शिखराला चिकटलेले नाही. उलट 1986 साली सरकारने इथे अभयारण्य केले तेव्हा त्याला कळसूबाई-हरिश्चंद्रगड हेच नाव द्यावे लागले. सत्ता आपल्या माणसांची नावे दगडावर कोरू शकते. ती बोलीत उतरवणे तिच्या हातात नसते.

हरिश्चंद्राच्या कथेचा एक शेवट मात्र आपल्या नाटक-सिनेमांत फारसा येत नाही, तो सांगायला हवा. मार्कंडेय पुराणात इंद्र त्याला स्वर्गात न्यायला येतो तेव्हा तो म्हणतो, की अयोध्येची माणसे माझ्यासाठी शोक करीत बसली आहेत, त्यांना सोडून मी येणार नाही. इंद्र म्हणतो, ज्याचे त्याचे पापपुण्य निराळे. त्यावर हरिश्चंद्र उत्तर देतो, की मी जे काही केले ते त्यांच्याच बळावर केले. माझे पुण्य सगळ्यांत वाटून टाक, मग एकाच दिवसाचा स्वर्ग मिळाला तरी चालेल. घर, देणे, मरण यांतून गेलेली कथा शेवटी गावाच्या लोभावर येऊन थांबते. डांगाणातल्या ज्या माणसांना ती आपलीशी वाटली, त्यांची शेती पावसावर आणि एकमेकांच्या हातांवर चालत आली. एकट्याचा मोक्ष त्यांच्या फारसा कामाचा नव्हता.

तेव्हा या नावांकडे डोंगरयात्रींनी आणि अभ्यासकांनी आता जरा निराळ्या नजरेने बघावे. पायथ्याच्या फलकावर उंची आणि वेळ यांच्याशेजारी एकच गुळगुळीत आख्यायिका लिहिली, की बाकीची सांगणी मरतात. बारी, इंदोरे, पाचनई, रतनवाडी या पायथ्याच्या गावांतली सांगणी वेगवेगळी टिपावीत, सांगणाऱ्या बाईचे गाव आणि साल लिहावे, आणि मोलकरीण खरी की सून खरी असा निवाडा करू नये. कळसूची अट तर अजून निकालात निघालेली नाही. महाराष्ट्राने 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2011 साली घरकामगारांविषयी 189 क्रमांकाचा करार मंजूर केला. कोणते काम करायचे हे घरकामगाराला स्पष्टपणे कळवले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. त्या करारावर भारताने अजून अनुसमर्थनाची मोहोर उठवलेली नाही.